समोर बसून प्यायचा काढा

आई, परवा तुमच्या नातसुनेनं ओट्यावर एक नवी स्टीलची बाटली आणून ठेवली आणि म्हणाली, “उद्यापासून ह्यात काढा भरून द्याल का? ह्यांचं डोकं महिनाभर झालं दुखतंय. गोळी घ्यायला तयार नाहीत. म्हणतात, आईचा काढा दे, बाबांना द्यायची तसा.” बाटली चांगली होती, निळ्या झाकणाची. मी ती हातात घेतली, झाकण उघडून आत पाहिलं, परत लावलं आणि म्हटलं, “ज्येष्ठमध संपलाय गं.” संपलेला नव्हता. नऊ वर्षांत मी तो घरात आणलेलाच नव्हता. ती म्हणाली, “मग मी मागवते ना, फोनवरून तासाभरात येतो.” मी म्हटलं, “तसला नको, मांडवीच्या बाजारातलाच लागतो.” ती बिचारी बरं म्हणून आत गेली आणि मी त्या बाटलीकडे बघत उभी राहिले. तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात बोलणं चालू आहे. आज ते कागदावर उतरवते आहे, कारण मनात बोलताना मी दर वेळी एका ठरावीक जागी येऊन थांबते आणि डाळीला फोडणी द्यायला लागते.

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. माझी स्वतःची आई मी पाच वर्षांची असताना गेली, तिचा चेहरा मला आठवत नाही. ‘आई’ हा शब्द मी लग्न होऊन आल्यावर सासूला, म्हणजे तुम्हाला, वापरायला शिकले. तेव्हा त्यात माया किती होती आणि भीती किती, हे मला सांगता आलं नसतं. आता सांगते, अर्धी अर्धी होती.

नंदुरबारकडच्या खेड्यातून मी बडोद्याला आले ती सातवी पास होऊन. भाजीवालीशी बोलायचं तर गुजराती, खालच्या बिऱ्हाडाशी गुजराती, आणि तुम्ही घरात मराठी बोलता बोलता मध्येच “चाल, लवकर कर ने” म्हणायच्या तेही मला परकंच वाटायचं. तिसऱ्याच आठवड्यात माझं डोकं दुखायला लागलं. नव्या सुनेनं डोकं दुखतंय म्हणायचं नसतं असं मला कुणीतरी सांगितलेलं, म्हणून मी पदर डोक्यावरून घट्ट ओढून तांदूळ निवडत बसले होते. तुम्ही माझ्या हातातलं सूप काढून घेतलंत. ओट्याजवळ ते लाकडी स्टूल ओढलंत आणि म्हणालात, “इथे बस.” मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही पातेलीत पाणी ठेवलंत, धणे भरडलेत, सुंठेचा तुकडा ठेचलात, गवती चहाची दोन पाती मुडपून टाकलीत, आणि पाठ माझ्याकडे ठेवूनच विचारलंत, “काल काय खाल्लंस?” मी सांगितलं. “झोप लागते का?” मी म्हटलं, लागते. मग तुम्ही वळलात आणि माझ्या तोंडाकडे बघून तिसरं विचारलंत, “न सांगितलेलं काही आहे?”

मी रडले, आई. काही न सांगितलेलं होतं असं नाही, पण मला तोवर तसं कुणी विचारलंच नव्हतं. वडिलांची आठवण येते, एवढंच बोलले. तुम्ही काही समजूत घातली नाहीत. काढा अर्धा आटल्यावर त्यात गुळाचा खडा टाकलात, ज्येष्ठमधाची नखाएवढी काडी बुडवून काढलीत आणि पेला माझ्या हातात दिलात. “गरम आहे तोवर पी. माझ्यासमोर.” मी पीत होते तोवर तुम्ही उभ्या होतात, माझ्या कपाळाकडे बघत. दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलाला म्हणालात, “रविवारी हिला माहेरी घेऊन जा.” डोकं काढ्यानं थांबलं की माहेरच्या तिकिटानं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

नंतर कळलं की हे फक्त माझ्यासाठी नव्हतं. आख्ख्या आळीचं डोकं तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचं. चैत्र-वैशाखात बडोद्याचं ऊन डोळ्यांत शिरतं तेव्हा तर रांग लागायची, पण तेव्हा तुम्ही सुंठ घालायच्या नाहीत. धणे, बडीशेप, वाळा रात्रभर भिजवून सकाळी गाळून द्यायच्या. थंडीत सुंठ आणि तुळस. कुणाला काय हे तुम्ही विचारल्यावरच ठरवायचात. आणि तुमचे दोन नियम होते. पहिला, काढा घराबाहेर जाणार नाही. ज्याचं डोकं दुखतं त्यानं इथे यायचं, स्टुलावर बसायचं, समोर प्यायचा. दुसरा, सलग तिसऱ्या दिवशी कुणी आलं तर पेला नाही. “चप्पल घाल,” एवढंच म्हणायचात, आणि स्वतःची चप्पल घालून त्याला डॉक्टरकडे घेऊन जायचात. समोरची शिवणकाम करणारी बेन तिसऱ्या दिवशी आली तेव्हा किती भांडली होती! “काकी, मारे तो खाली उकाळो पीवो छे!” मला फक्त काढाच प्यायचाय म्हणून ओरडत होती आणि तुम्ही तिचा हात धरून जिना उतरत होतात. आली ती चष्मा लावून. त्यानंतर वर्षभर दिसेल त्याला सांगायची की काकींच्या काढ्यानं नजर आली.

तिच्याचमुळे मी तुमची बोलणी खाल्ली. तुम्ही दुपारी कुणाच्या तरी बारशाला गेल्या होतात. ती आली आणि म्हणाली, सावली गावाला माझा भाऊ आहे, त्याचं डोकं फार दुखतं, संध्याकाळी एक माणूस तिकडे जाणार आहे, बाटलीत भरून दे ना. मला येऊन दोन वर्षं झाली होती, प्रमाण मला पाठ होतं. शिवाय कुणीतरी माझ्याकडे मागत होतं, तुमच्याकडे नाही. मी खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली उकळून घेतली आणि भरून दिली. ती जिन्यातच होती आणि तुम्ही परत आलात. तिच्या हातातली बाटली घेतलीत, वर आलात आणि मोरीत ओतून टाकलीत. ती मागोमाग आली, “अरे काकी, एमां शुं थई गयुं?” त्यात काय झालं म्हणून. तुम्ही म्हणालात, “भाईने अहीं लई आवो. बेसाडीश, पूछीश, पछी पीवडावीश.” भावाला इथे आणा, बसवीन, विचारीन, मग पाजीन. मग माझ्याकडे वळून, तिच्या देखत, “ज्याचं तोंड पाहिलं नाहीस त्याला औषध दिलंस?”

मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. मला खात्री होती की तुम्हाला तुमचं महत्त्व माझ्या हातात जायला नको आहे. आणि गंमत बघा, तो भाऊ खरंच रविवारी एस.टी.नं आला. तुम्ही त्याला बसवलंत, विचारलंत. त्याला काहीही झालेलं नव्हतं. घरात बायकोशी आणि आईशी रोजची कटकट, म्हणून त्याला कुठेतरी जाऊन तासभर बसायचं होतं. पुढे तीन महिने दर रविवारी यायचा, काढा प्यायचा, दोघींच्या तक्रारी सांगायचा आणि जाताना तुमच्या पाया पडायचा. मी भांडी घासताना मनात म्हणायची, बघा, काय बिघडलं असतं बाटलीनं? एवढ्यासाठी मला बोललात.

माझा राग तुम्हीही ओळखला असणार, कारण बाटली ओतल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर म्हणालात, “साडी बदल, बाहेर जायचंय.” मला वाटलं मांडवीला, सुंठ-ज्येष्ठमध आणायला. तुम्ही मला मोठ्या वाचनालयात नेलंत. माझ्या नावाचं कार्ड करून घेतलंत. तिथल्या बाईंनी शिक्षण विचारलं तर मी मान खाली घातली. तुम्ही ताडकन म्हणालात, “शिक्षण वाचनाला लागतं की वाचन शिक्षणाला? लिहा, सातवी.” परत येताना रस्त्यात म्हणालात, “दुपारी दोन ते चार तू घरात नाहीस असं मी धरते.” रागावल्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. मीही विचारला नाही. पण त्या दोन तासांनी मला माणूस केलं, आई. आधी गोष्टी वाचल्या, मग प्रवासाची पुस्तकं, चरित्रं, मग जे हाताला लागेल ते. आजही मी कपाटासमोर उभी राहते तेव्हा कुठून सुरुवात करावी असं कुणाला विचारत नाही. एका टोकापासून सुरू करते.

तुम्ही गेलात आणि स्टूल माझं झालं. आळीतली माणसं यायची, मी काढा द्यायची. पण तुमचे प्रश्न मी विचारत नसे. मला ते चांभारचौकशा वाटायचे. मी पुस्तकं वाचलेली बाई, लोकांच्या घरातलं कशाला विचारू? प्रमाण मात्र माझं तुमच्याहून पक्कं होतं, चमच्यानं मोजलेलं. काही वर्षांनी ती आळी सोडून आम्ही वासणा भागात फ्लॅटमध्ये आलो. तिथे कुणी कुणाच्या स्वयंपाकघरात येत नाही. स्टूल गॅलरीत गेलं, त्यावर कुंडी ठेवली.

मग तुमच्या मुलाचं डोकं दुखायला लागलं. सावलीच्या कारखान्यात ह्यांची नोकरीची शेवटची चार वर्षं राहिली होती. कंपनीची बस सकाळी सहाला कोपऱ्यावर यायची. हे बूट घालता घालता म्हणायचे, “डोकं जरा जड आहे.” मी म्हटलं, काढा करते. “आता कुठे बसू प्यायला, बस जाईल.” म्हणून मी थर्मास आणला. मोरीत ओतलेली ती बाटली मला आठवली, नाही असं नाही. पण मला वाटलं, तो नियम परक्यांसाठी होता. ज्याचं तोंड मी तीस वर्षं रोज पाहते आहे त्याचं आणखी काय पाहायचं?

त्याच सुमारास ह्यांच्या रक्तात साखर निघाली. गूळ बंद झाला. गुळाशिवाय काढा ह्यांच्या घशाखाली उतरेना. मग मला युक्ती सुचली. ज्येष्ठमध गोड असतो, झाडाचं मूळ आहे, साखर नाही. तुम्ही नखाएवढी काडी बुडवून काढून घ्यायचात. मी मूठभर काड्या ठेचून टाकायला लागले आणि आटवायला लागले. रोज. आठ महिने. मांडवीच्या दुकानातले काका एकदा म्हणालेसुद्धा, “बेन, आटलुं बधुं जेठीमध? दुकान खोलवी छे के शुं?” एवढा ज्येष्ठमध, दुकान काढायचंय की काय, म्हणून. मी हसले. मला वाटलं, दुकान काढलं तर चालेल असा माझा काढा झाला आहे. थर्मास रोज रिकामा यायचा. मी विचारायची, “बरं वाटलं?” हे म्हणायचे, “हो, बरं वाटलं.” माझी तेवढीच चौकशी. शेवटच्या महिन्यात ह्यांच्या पायांवर सूज यायची, मोज्यांचे वळ उमटायचे. मी म्हणायची, उभं राहून काम, त्यानं येते. पाय पाण्यात सोडून बसायला लावायची.

कारखान्यातच कोसळले, त्याला नऊ वर्षं झाली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. तीन दिवस दवाखान्यात होते, बोलले नाहीत. नंतर कपाटात ह्यांच्या शर्टांखाली अंथरलेल्या कागदाखाली कंपनीच्या तपासणीचा अहवाल सापडला, वर्षभरापूर्वीचा. रक्तदाब वाढलेला होता, गोळ्या लिहून दिलेल्या होत्या. त्या ह्यांनी कधी आणल्याच नव्हत्या. मला सांगितलंही नव्हतं. मी तो कागद परत होता तसा ठेवला आणि वर शर्ट रचले.

चौदाव्या दिवशी ह्यांच्या शिफ्टमधले एक गृहस्थ आले, आपल्या खानदेशाकडचे. थर्मास परत द्यायला आले होते. “धुऊन आणलाय वहिनी,” म्हणाले. चहा घेता घेता त्यांचे डोळे भरले. “तुमचा काढा म्हणजे आमचा चारचा चहा होता बघा. झाकण सगळ्यांत फिरायचं. भाऊ म्हणायचे, प्या रे, घरचा आहे, बायकोनं पहाटे उठून केलाय. सहा जण असायचो आम्ही.” मी विचारलं, “आणि ते?” ते म्हणाले, “ते पण घ्यायचेच ना,” आणि कपाकडे बघत राहिले. तेव्हा मला एवढंच वाटलं की ह्यांनी माझं कौतुक चारचौघांत केलं, मला कधी सांगितलं नाही. जाताना त्यांनी नंबर दिला, काही लागलं तर सांगा म्हणाले. माझ्या फोनमध्ये तो अजून आहे. नाव मी ‘थर्मासवाले भाऊ’ असं लिहिलं आहे.

ह्यानंतर दोन-अडीच वर्षांनी वाचनालयात मी वनस्पतींच्या कपाटापर्यंत पोचले. तुम्हाला सांगितलं ना, एका टोकापासून वाचते. औषधी झाडांवरचं एक जाड पुस्तक होतं. ज्येष्ठमधाचं पान आलं तेव्हा मला बरंच वाटलं, ओळखीचं कुणी भेटल्यासारखं. घशाला चांगला, खोकल्याला चांगला, हे सगळं लिहिलं होतं. खाली चार ओळी होत्या. रोज आणि फार दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो, अंगावर सूज येते, रक्तदाब असणाऱ्यांनी घेऊ नये. मी त्या चार ओळी उभ्यानंच वाचल्या. पुन्हा वाचल्या. मग पुस्तक मिटलं आणि कपाटात दुसऱ्या पुस्तकांच्या मागे सरकवलं, जिथे कुणाचा हात जाणार नाही. ज्या दोन तासांनी मला माणूस केलं असं वर म्हटलं, त्याच दोन तासांत हे झालं. घरी येऊन मी डब्यातला ज्येष्ठमध पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला.

आपल्या डॉक्टरांना मी विचारलं. ते आता म्हातारे झालेत, पण बसतात अजून. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, “बेन, बीपी त्यांचा आधीपासून होता आणि ते गोळी घेत नव्हते. एवढं मोठं माणूस एका मुळीनं जात नाही. पण खोटं नाही बोलणार, रोज इतकं द्यायला नको होतं.” मी विचारलं, “म्हणजे माझ्यामुळे की नाही?” ते म्हणाले, “हे कुणीच सांगू शकणार नाही. ते किती पीत होते ते तरी तुम्हाला नक्की माहीत आहे का?”

नाही ना माहीत. तिथे मी येऊन थांबते. तुम्ही समोर बसवून पाजायचात, कारण तेव्हा कळतं कोण प्यायलं, किती प्यायलं, पिताना तोंड कसं झालं. मी तुमचं प्रमाण उचललं आणि स्टूल गॅलरीत ठेवलं. रोज समोर बसवलं असतं तर कदाचित पायाची सूज वेगळी दिसली असती. तिसरा प्रश्न विचारला असता तर तो कागद शर्टांखालून बाहेर आला असता. हे सगळं ‘असतं’च आहे, मला माहीत आहे. मुलाला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्याच्या लेखी आईचा काढा म्हणजे बाबांचं शेवटचं सुख. ते मी कसं मोडू?

आणि मग परवा ती निळ्या झाकणाची बाटली आली.

आज सकाळी मी गॅलरीतली कुंडी खाली ठेवली, स्टूल पुसून ओट्याजवळ आणलं. तुमचा नातू ऑफिसच्या कपड्यांत आला, हातात मोबाईल. मी म्हटलं, “बस.”

“आई, उशीर होतोय. काढा झाला का?”

“आधी बस.”

बसला. उंच झालाय, गुडघे ओट्याला लागत होते. मी विचारलं, “काल काय खाल्लंस?”

“तूच वाढलंस की! खिचडी-कढी. दोनदा घेतली, त्यानंही दुखतं का डोकं?”

“झोप?”

“ठीक आहे.”

“कसली ठीक?” सून टोस्टला लोणी लावता लावता म्हणाली. “चार वाजल्यापासून छताकडे बघत असतात.”

“तू गप ने गं जरा.”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. खूप दिवसांनी इतक्या जवळून. डोळ्यांखाली ह्यांच्यासारखेच फुगवटे आलेत. मी विचारलं, “न सांगितलेलं काही आहे?”

तो हसायला लागला, “हे तर आजी विचारायची,” आणि मध्येच थांबला. बायकोकडे बघितलं, मग जमिनीकडे. “दिवाळीच्या आधी ऑफिसात तपासणी होती. बीपी जास्त निघाला. म्हटलं परत कधीतरी मोजू.” सुनेच्या हातातली सुरी ताटलीवर पडली. “दिवाळीच्या आधी? आणि मला आत्ता कळतंय?” ती भांडायला लागली, तो पुटपुटायला लागला. मी म्हटलं, “चप्पल घाल.” तो म्हणाला, “अगं पण काढा?” मी म्हटलं, “काढा नाही. चप्पल घाल.” आणि मी माझी घातली.

रिक्षात मी त्याला सांगितलं. सगळंच सांगितलं, आई. मुठीनं टाकलेला ज्येष्ठमध, सूज, कपाटातला कागद, वाचनालयातल्या चार ओळी. तो रस्त्याकडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, “हे आत्ता सांगतेस? रिक्षात?” मी म्हटलं, “घरात इतकी वर्षं सांगता आलं नाही.” रिक्षावाल्यानं मागे मान वळवली, “बेन, दवाखानो डाबी बाजु के जमणी?” मुलगा म्हणाला, “जमणी बाजु,” आणि हातानं उजवीकडे दाखवलं. थर्मासच्या झाकणाचं तेवढं माझ्याकडून सांगायचं राहिलं.

डॉक्टरांनी दोनदा मोजलं, गोळी लिहून दिली, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. “वेळेवर आणलंत,” म्हणाले, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पायऱ्या उतरताना मुलानं माझं कोपर धरलं. त्यानं विचारलं, “बाबांनी तुला सांगितलं होतं, बीपी आहे म्हणून?”

“नाही.”

“मग?”

“मी विचारलं नव्हतं ना.”

त्यानं गोळीची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाला, “मीसुद्धा स्टुलावर बसवल्यावरच बोललो, आई. बायको रोज विचारत होती, तिला नाही बोललो.” एवढंच. माफ केलं असंही म्हणाला नाही, नाही केलं असंही नाही. दुकानातून गोळ्या घेतल्या, माझ्याकडच्या पाण्यानं तिथेच उभ्यानं एक घेतली आणि पट्टीतली ती रिकामी जागा मला दाखवली. दुपारी ऑफिसातून फोन आला. तो दुपारी कधी फोन करत नाही. “डोकं जरा कमी आहे,” म्हणाला. “संध्याकाळी आल्यावर काहीतरी गरम देशील का? बिनज्येष्ठमधाचं.”

धणे भिजत घातले आहेत. बडीशेप, गवती चहा, बाकी काही नाही. डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. आल्यावर स्टुलावर बसवून देईन. बाटलीत सुनेनं साधं पाणी भरून ठेवलं आहे.

हा कागद आता घडी करून सुंठेच्या डब्याच्या तळाशी अंथरीन. तिथे कुणी बघत नाही आणि तुम्हाला वाचायचा असेल तर तुम्ही पहिल्यांदा तोच डबा उघडाल. पण घडी घालायच्या आधी तुम्ही तिसरा प्रश्न विचाराल हे मला माहीत आहे, म्हणून सांगून टाकते. थर्मासवाल्या भाऊंना एक फोन केला तर कळेल की हे एक घोट घ्यायचे की झाकणभर की सगळा. सहा वर्षं मी तो नंबर काढते आणि परत ठेवते. लोकांना वाटेल, ह्यांनी तो प्यायलाच नसेल असं ऐकायला मी तरसत असेन. सुटेन ना मी त्यातून. तसं नाही, आई. सगळं वाचून, सगळं कळूनही, माझा काढा ह्यांनी रोज शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला असावा असंच मला वाटतं.